यंत्राच्या पोथीपुढे मान तुकवू नका!

बौद्ध बंधु-भगिनींनो,

ज्या दिवशी तुम्ही त्रिशरण घेतले त्या दिवशी, सांगणारा कोण आहे हे पाहून सत्य ठरविण्याची जुनी सवय तुम्ही टाकून दिली. पोथीत लिहिले आहे म्हणून खरे, भटजी सांगतो म्हणून खरे, वाडवडील मानीत आले म्हणून खरे, या तिन्ही बेड्या परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर मुक्कामी लाखो लोकांच्या पायांतून तोडल्या. आणि त्यानंतर आजतागायत ज्या ज्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली, त्या त्या कुटुंबाने त्या पुन्हा आपल्या हातांनी तोडल्या आहेत. तुमचे कुटुंब त्यांतलेच एक आहे.

आता तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाऊ लागली आहे. कित्येक घरांत कॉलेजचा उंबरठा ओलांडणारे हे पहिलेच माणूस असेल. नेमक्या याच वेळी त्याच्या हातातील मोबाईलमध्ये एक नवी पोथी येऊन बसली आहे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ती क्षणात देते, बोलताना अडखळत नाही, आपणास ठाऊक नाही असे क्वचितच कबूल करते, आणि तिचा कर्ता कोण हे वाचणाराला दिसत नाही. तिचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. वेदांना कर्ता नाही, ते अपौरुषेय आहेत, म्हणून त्यांची छाननी करावयाची नाही, असे सांगणारांचा दावा आपण नाकारला. मग आज या नव्या अपौरुषेय वाणीपुढे आपल्या मुलांनी हात जोडून बसावे काय?

या प्रश्नावर सांप्रत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो की, यंत्र आले, आता शिक्षकाची गरज उरली नाही, पुस्तकाची गरज उरली नाही, गरिबाच्या मुलाला घरबसल्या विद्वत्ता मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो की, हे यंत्र म्हणजे विष आहे, विद्यार्थ्याने त्याला शिवूही नये. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला पक्ष आपल्याला नवा देव देऊ पाहतो. आणि दुसऱ्या पक्षाचे सोवळे आपण फार जुने ओळखतो. ज्ञानाच्या साधनाला आपण शिवू नये असे आपणास पूर्वीही सांगण्यात आले होते, आणि ते सांगणारे स्वतः मात्र ते साधन बिनदिक्कत वापरीत होते.

हे यंत्र आहे तरी काय?

ज्या गोष्टीचा स्वीकार वा धिक्कार करावयाचा ती प्रथम समजून घेतली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी नावाचे बोलके यंत्र लोकांपुढे ठेवले, आणि त्यामागोमाग इतर कंपन्यांचीही तशीच यंत्रे आली. या यंत्राच्या पोटात ज्ञानाचे भांडार नाही. पुस्तके, वर्तमानपत्रे आणि इंटरनेटवरील अफाट मजकूर त्याच्याकडून वाचवून घेतलेला असतो. कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब त्या वाचनातून त्याच्यात बसविलेला असतो. आणि त्या हिशेबाने ते एकापुढे एक शब्द मांडीत जाते. म्हणून त्याची भाषा नेहमी सफाईदार असते, परंतु सफाईदार भाषा आणि सत्य या दोन वस्तू भिन्न आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी या यंत्राने रचून दिलेले खटल्यांचे दाखले न्यायालयापुढे ठेवले. ते खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी त्या प्रकरणी ५,००० डॉलर दंड केला. शिकल्यासवरल्या वकिलांची जेथे ही गत, तेथे बी. ए. च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने किती सावध असले पाहिजे?

तेव्हा या पोथीला कर्ता आहे, आणि तो ओळखता येतो. ज्यांच्या हाती पिढ्यान् पिढ्या लेखणी होती त्यांचे लिखाण तिच्यात भरपूर आहे. ज्यांना लेखणी नाकारली गेली त्यांचे थोडे आहे. इंग्रजी उदंड आहे, मराठी तुलनेने तुटपुंजी आहे. ही पोथी ज्यांच्या मालकीची आहे त्या कंपन्या नफ्यासाठी चालतात. आणि तिच्या निर्मितीत आणखी एक वर्ग आहे, ज्याचे नाव कोणी घेत नाही. यंत्राने घाणेरडे व हिंसक बोलू नये म्हणून तसा मजकूर माणसांकडून वाचवून, निवडून बाजूला काढावा लागतो. हे काम आफ्रिकेत केनियाची राजधानी नैरोबी येथील मजुरांकडून ताशी २ डॉलरांहूनही कमी मजुरीत करून घेतले गेले, ही गोष्ट जानेवारी २०२३ मध्ये जगापुढे आली. यंत्राची जीभ स्वच्छ राहावी म्हणून दुसऱ्याने घाण उपसावी आणि त्याचे नावही कोठे उमटू नये! ही रीत कोणत्या समाजरचनेची आहे, हे तुम्हांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बाबासाहेबांनी १९५४ साली मुंबईत केलेल्या भाषणात बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू, तर विद्या, स्वाभिमान आणि शील ही आपली तीन उपास्य दैवते असल्याचे सांगितले. बौद्ध कुटुंबाला यंत्राची परीक्षा घेण्यास याहून उत्तम कसोटी नाही. या यंत्राच्या वापराने आमची विद्या वाढते काय? आमचे शील टिकते काय? आमचा स्वाभिमान राखला जातो काय? या तिन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

विद्या

प्रथम यंत्राचा गुण सांगणे न्यायाचे होईल. ज्या घरात इंग्रजीचे पुस्तक उघडून बसणारे मोठे माणूस नाही, शिकवणीला पैसे नाहीत, आणि वर्गात शंका विचारली तर मागच्या बाकावरून हसू ऐकू येते, त्या घरातील मुलीला हे यंत्र रात्री अकरा वाजता अर्थशास्त्रातील एक संकल्पना दहा वेळा समजावून देते. ते कंटाळत नाही, टोमणा मारीत नाही, आडनाव विचारीत नाही. इंग्रजी उताऱ्याचा आशय मराठीत सांगते. हा लाभ लहान नाही, आणि जो तो नाकारतो त्याला पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे दुःख ठाऊक नाही.

परंतु समजावून घेणे वेगळे आणि करवून घेणे वेगळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानात जवळजवळ १,००० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ते विद्यार्थी माध्यमिक शाळेचे होते व विषय गणित होता. ज्यांना सरावाच्या वेळी हे यंत्र सरसकट वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पुढे यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांनी यंत्र कधीच पाहिले नव्हते त्यांच्यापेक्षाही या मुलांची कामगिरी १७ टक्क्यांनी खाली गेली. उत्तर न सांगता केवळ दिशा दाखविणारे यंत्र ज्यांना दिले होते, त्यांचे हे नुकसान बव्हंशी टळले. परंतु परीक्षेत तेही यंत्राविना शिकलेल्यांच्या पुढे गेले नाहीत. प्रयोग शाळेतील मुलांवर झाला असला तरी त्यातील बोध कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. कुबडी घेऊन धावणाराला आपला पाय बळकट झाला असे वाटते, आणि कुबडी काढली म्हणजे पाय किती दुबळा झाला ते कळते.

आता विचार करा, ही कुबडी कोणाची काढून घेतली जाणार? ज्याच्या बापाचा कारखाना आहे, मामा बँकेत आहे, काका सचिवालयात आहे, त्याची पदवी पोकळ निघाली तरी त्याला खुर्ची मिळते. आपल्या मुलाला मुलाखतीच्या खोलीत एकट्याने बसावे लागते. तेथे यंत्र नसते, वशिला नसतो, आणि समोरचा माणूस बहुधा याच शोधात असतो की, ह्याला काही येत नाही हे कसे सिद्ध करावे. पोकळ पदवी ही धनिकाच्या घरात शोभेची वस्तू होऊ शकेल. आपल्या घरात ती फसवणूक ठरते. आरक्षणाला नावे ठेवणारांना आपण आपल्या हाताने पुरावा तयार करून द्यावा काय?

बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. लंडन विद्यापीठात त्यांनी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी आपले निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहून काढला, आणि १९२३ साली त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. त्या फेरलेखनात जे कष्ट पडले त्यांनीच तो लेखक घडविला. लिहिणे म्हणजे आधी झालेला विचार कागदावर उतरविणे एवढेच नसते; लिहिता लिहिता माणूस विचार करावयास शिकतो. निबंध यंत्राकडून लिहवून घेणारा विद्यार्थी कष्ट वाचवितो असे त्याला वाटते, परंतु ज्यासाठी तो कॉलेजात आला तीच वस्तू तो दुसऱ्याला देऊन टाकतो.

शील

पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये हे आहे, आणि चौथे असत्य बोलू नये हे आहे. यंत्राने लिहिलेला निबंध आपल्या नावाने सादर करणारा विद्यार्थी या दोन्ही शीलांचा भंग करतो. सगळे वर्ग तसेच करतो ही सबब चालणार नाही. सगळे गाव जात मानीत होते तेव्हा तुम्ही ती टाकली. सगळा वर्ग नक्कल करीत असता तुमच्या मुलीला स्वतःचा कागद लिहिता येणार नाही काय?

परंतु शील केवळ विद्यार्थ्यांसाठी सांगितलेले नाही. जो प्राध्यापक यंत्राकडून टिपणे तयार करवून ती आपली म्हणून वाचून दाखवितो, विद्यार्थ्याची उत्तरे स्वतः न वाचता यंत्राकडून तपासवून गुण देतो, त्यालाही हाच नियम लागू आहे. मुलाला चोर म्हणावयाचे आणि स्वतः त्याच वाटेने जावयाचे, हा न्याय नव्हे.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. निबंध माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखण्यासाठी पुन्हा दुसरी यंत्रे निघाली आहेत, आणि त्यांचा कौल पुरावा म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवण्यात येतो. या कौलाची किंमत किती? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली अशी सात यंत्रे तपासून पाहिली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांनी इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले आहेत असा खोटा कौल मिळाला. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. कारण उघड आहे. परकी भाषा लिहिणारा साधे शब्द आणि सोपी वाक्ये वापरतो, आणि तेवढ्यावरून ही यंत्रे त्याला यंत्र समजतात. खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असेच एक ओळखयंत्र काढले आणि ते पुरेसे अचूक नाही म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले.

म्हणजे ज्या मुलाने रात्र जागून, शब्दकोश उलटून, साधेसुधे परंतु स्वतःचे इंग्रजी लिहिले, तोच चोर ठरावयाचा! ज्याचे इंग्रजी साधे आहे त्याने नक्कल केली असणार, आणि ज्याचे चांगले आहे त्याने तर नक्कीच केली असणार. ही दुधारी शंका आपल्या मुलांच्या वाट्याला यंत्र येण्याच्या फार पूर्वीपासून आलेली आहे. आता तिला शास्त्राचे प्रमाणपत्र मिळू पाहत आहे. शील पाळणाऱ्या विद्यार्थ्याचा या कौलापासून बचाव करणे, हे प्रत्येक बौद्ध पालकाचे व प्रत्येक संघटनेचे कर्तव्य आहे.

स्वाभिमान

यंत्राला जात नसते, असे पहिल्या पक्षाचे लोक मोठ्या उत्साहाने सांगतात. त्यांनी पुढील हकिकत ऐकावी. २०२५ साली बंगळूर येथील संशोधनवृत्तीसाठी समाजशास्त्राचा एक दलित अभ्यासक अर्ज तयार करीत होता. अर्जातील इंग्रजी निर्दोष व्हावे म्हणून त्याने तो मजकूर चॅटजीपीटीला दिला. यंत्राने इंग्रजी सुधारले आणि त्याबरोबर त्याचे आडनावही सुधारले. त्याच्या जागी शर्मा हे आडनाव घातले! कोणी सांगितले होते? कोणीही नाही. विद्वान म्हटला म्हणजे तो अमुक आडनावाचाच असावयाचा, हा हिशेब यंत्राने ज्यांच्या लिखाणातून उचलला त्यांच्याच मनाचा तो आरसा आहे. त्याच वर्षी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने ही हकिकत छापली आणि आपली चाचणीही प्रसिद्ध केली. गाळलेल्या जागी जातीचे नाव भरावयाची १०५ वाक्ये कंपनीच्या तेव्हाच्या नव्या यंत्राला दिली असता त्याने ८० ठिकाणी रूढ समजच भरला. बुद्धी ब्राह्मणाकडे आणि गटार दलिताकडे, अशी वाटणी केली.

मनूने हीच वाटणी श्लोकांत केली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हा वाटणी करणारा निदान नाव घेऊन समोर उभा होता. आताचा वाटणी करणारा म्हणतो की, मी कोणी नाही, मी गणित आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. त्यांना ते घेऊ दिले नाही व फारसी घ्यावी लागली. ते नाकारणारी माणसे होती, म्हणून त्यांच्याशी भांडता आले, त्यांचे अज्ञान जगापुढे मांडता आले. उद्या एखाद्या यंत्राने तुमच्या मुलीला सांगितले की, तुझ्यासाठी अमुक अभ्यासक्रम योग्य, तमुक तुला झेपणार नाही, तर ती कोणाशी भांडेल?

म्हणून स्वाभिमानाचा पहिला धडा असा की, यंत्राचा सल्ला म्हणजे विधिलिखित नव्हे. कपाळावर सटवी लिहिते ही समजूत आपण सोडली आहे. ती मोबाईलच्या पडद्यावर लिहिते अशी नवी समजूत धरू नये.

प्रश्न हक्कांचा आहे

येथवर आपण विद्यार्थ्याच्या कर्तव्याविषयी बोललो. परंतु सारे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होणारांपैकी आम्ही नाही. हा मूलतः हक्कांचा प्रश्न आहे.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. २०२० साली कोविडच्या साथीमुळे तेथे विद्यापीठ प्रवेशाआधीची परीक्षा होऊ शकली नाही. तेव्हा परीक्षांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने एका गणिती सूत्राने गुण ठरविले. ते आजच्यासारखे बोलके यंत्र नव्हते, परंतु माणसाचा निवाडा हिशेबावर सोपविण्याची बुद्धी तीच होती. विद्यार्थ्याच्या शाळेचा मागील वर्षांचा निकाल त्या सूत्रात धरला होता. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी त्याने खाली आणल्या. ज्या शाळेतून पूर्वी हुशार मुले निघाली नव्हती त्या शाळेतील हुशार मुलाला सूत्राने सांगितले की, तुझ्या शाळेत असे होत नसते! उलट, जेथे वर्ग लहान तेथे शिक्षकांचा शब्द प्रमाण धरला गेला, आणि असे लहान वर्ग पैसेवाल्यांच्या खाजगी शाळांत अधिक होते. जन्म कोठे झाला यावरून पात्रता ठरविणे आणि शाळा कोणती यावरून गुण ठरविणे, यांत तत्त्वतः अंतर किती? तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी सरकारला तो निकाल मागे घ्यावा लागला. संघटित विद्यार्थ्यांपुढे सूत्र टिकले नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात प्रवेश, मूल्यमापन आणि परीक्षेतील देखरेख यांसाठी वापरली जाणारी अशी यंत्रे उच्च जोखमीची ठरविली आहेत. जे युरोपातील विद्यार्थ्याला जोखमीचे, ते मराठवाड्यातील किंवा विदर्भातील विद्यार्थ्याला निर्धोक असते काय?

आणि आता त्या प्रश्नाकडे वळू, जो कोणी उघड विचारीत नाही. कॉलेजात प्राध्यापकाचे पद रिकामे असले म्हणजे ते भरण्याऐवजी यंत्र आणून बसविण्याचा मोह संस्थाचालकांना होणार. श्रीमंतांच्या मुलांना शिकवावयास माणूस आणि गरिबांच्या मुलांना यंत्र, अशी नवी पंक्तिभेदाची व्यवस्था त्यातून उभी राहील. शिवाय प्राध्यापकाच्या पदाला बिंदुनामावली आहे, त्या पदांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा आहे. यंत्राला बिंदुनामावली नाही! यंत्राने जितकी पदे गिळली तितकी आपली पदेही गेली, आणि कोणी कायदा मोडल्याचेही दिसणार नाही. शिक्षक कोण असावा हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडलेल्या निवेदनात ओळखले होते.

यास्तव प्रत्येक कॉलेजाकडे आणि विद्यापीठाकडे बौद्ध जनतेने पुढील मागण्या लेखी कराव्यात:

१. प्रवेश, गुण, शिष्यवृत्ती व शिस्तभंग यांविषयीचा कोणताही निर्णय केवळ यंत्राच्या कौलावर होऊ नये. निर्णयाखाली जबाबदार माणसाची सही असावी.

२. विद्यार्थ्याच्या बाबतीत यंत्राचा वापर झाला असेल, तर तो कशासाठी व कोणत्या माहितीच्या आधारे झाला, हे त्याला समजेल अशा मराठीत लेखी कळवावे.

३. नक्कल ओळखणाऱ्या यंत्राचा कौल हा पुरावा मानू नये. आरोप झाल्यास विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्याच निबंधावर प्रश्न विचारावेत आणि त्याचे म्हणणे ऐकावे.

४. अभ्यासक्रमासाठी यंत्र आवश्यक ठरविले, तर ते ग्रंथालयात सर्वांना सारखे व विनामूल्य उपलब्ध करावे. ज्याच्या खिशात पैसे त्याला उत्तम यंत्र आणि इतरांना उष्टे, हा भेद नको.

५. यंत्र खरेदी करण्यापूर्वी त्यात जातिभेद शिरला आहे की नाही याची तपासणी व्हावी, आणि तपासणाऱ्या समितीत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत.

६. यंत्राच्या नावाखाली अध्यापकाचे एकही पद, विशेषतः एकही राखीव पद, रद्द होऊ नये.

या मागण्या आपोआप मान्य होतील अशा भ्रमात राहू नका. धर्मांतर केले म्हणून बौद्धांना नाकारलेल्या केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. १९५६ पासून मोजले तर ती चौतीस वर्षे होतात. मागितल्याशिवाय आणि मागत राहिल्याशिवाय आपल्या पदरात कधी काही पडलेले नाही.

घरात आणि विहारात काय करावे?

हक्कांसाठी भांडत असतानाच घरातील अभ्यासाला शिस्त लावता येते, आणि त्यासाठी आईबाप इंग्रजी शिकलेले असण्याची गरज नाही. मुलाला एवढेच विचारा की, आधी तू लिहिलेस की आधी यंत्राने? प्रथम स्वतःचा कागद, मागाहून यंत्र, हा नियम मोडू देऊ नका. यंत्राकडून उत्तर मागण्याऐवजी प्रश्न मागावेत; माझ्या उत्तरात चूक कोठे आहे ते दाखव, असे त्याला म्हणावे. त्याने दिलेला प्रत्येक सनावळीचा आकडा आणि प्रत्येक ग्रंथाचे नाव ग्रंथालयातील पुस्तकाशी ताडून पाहावे. निबंधाचे कच्चे खर्डे तारखेसह जपून ठेवावेत. उद्या खोटा आरोप आला तर तेच साक्षीदार होतील. जातीचा दाखला, आधार क्रमांक, घरातील अडचणी व दुखणी यंत्राच्या स्वाधीन करू नयेत.

यंत्र चुकते ही गोष्ट मुलाच्या मनावर बिंबविण्याचा एक सोपा उपाय आहे. जे आपणास पक्के ठाऊक आहे ते त्याला विचारा. चवदार तळ्याचा सत्याग्रह, सिद्धार्थ कॉलेजची स्थापना, आपल्या तालुक्यातील चळवळीची हकिकत, हे प्रश्न विचारून त्याची उत्तरे तपासा. जेथे ते चुकेल तेथे मुलाच्या मनातील त्याचे देवपण उतरेल. जेथे बरोबर सांगेल तेथेही आपण ते तपासून घेतले याचे समाधान राहील.

२०२५ साली भारतात गूगल कंपनीने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि ओपनएआय कंपनीने सर्वांना आपली विकाऊ यंत्रे एक वर्षासाठी फुकट देऊ केली होती. फुकट मिळाले ते जरूर वापरावे, परंतु सावकारही पहिली रक्कम हसत हसतच देतो हे विसरू नये. सवय लागल्यावर किंमत सांगितली जाते. म्हणून विहाराशेजारी एक अभ्यासिका, चार टेबले, पुस्तकांचे कपाट आणि आठवड्यातून एक दिवस शिकलेल्या तरुणांनी धाकट्यांना समोर बसवून शिकविणे, ही व्यवस्था यंत्र आहे म्हणून सोडू नका. मुलींना घरात स्वतंत्र मोबाईल बहुधा मिळत नाही. त्यांचा वाटा तेथे आधी राखा. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेस कॉलेज काढले, तेव्हा बाबासाहेबांनी पुस्तकाइतकेच महत्त्व बसण्याच्या जागेला आणि सोबतीला दिले होते. एकटा विद्यार्थी यंत्रापुढे लवकर वाकतो. चौघे मिळून बसले तर तेच यंत्राला प्रश्न विचारतात.

बंधु-भगिनींनो, केसपुत्त नगरीतील कालाम लोकांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, नाना आचार्य येतात, जो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना आणखी एक आचार्य नेमून दिला नाही. परंपरा, ग्रंथ, तर्काची सफाई, सांगणाराचा मोठेपणा, यांपैकी कशावरही विसंबू न देता त्यांनी त्यांना स्वतःच्या अनुभवाची आणि कुशल-अकुशलाची कसोटी दिली. त्या यादीत आज एका नव्या आचार्याची भर पडली आहे, इतकेच. कसोटी मात्र जुनीच पुरेशी आहे.

यंत्र तुमच्या मुलाच्या टेबलावर असू द्या. ते त्याच्या देव्हाऱ्यात जाऊ देऊ नका. देव्हारा तुम्ही रिकामा केला आहे, तो रिकामाच राहू द्या. आणि त्या जागी पुस्तकांचे कपाट ठेवा.

जय भीम!